मास्तरांची कोठी

वडिवळ्यात प्रेरणा केदारीची ख्याती आहे ती आळशी म्हणून, आणि ही ख्याती तिनं कष्टानं मिळवलेली आहे. दहा-बारा वर्षांची असताना भातलावणीच्या दिवसांत तिच्याकडं एकच काम असायचं, खाचरातल्या बायकांना घरून चहा आणून द्यायचा. पहिल्या दिवशी तिनं गुमान खेपा घातल्या. किटली घेऊन घरी जा, चहा टाक, चिखल तुडवत परत ये, तोवर चहा गार आणि बायका गरम. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं पातेलं, साखर, चहापत्ती, दुधाचा कॅन आणि कोरडी लाकडं एकदम बांधावर नेली, आंब्याखाली तीन दगड मांडले, वर प्लॅस्टिकचा कागद ताणला आणि तिथंच बसली. ज्याला हवा त्याला वाफाळता चहा. बायका म्हणाल्या, "मुक्ताबाईची पोरगी लय हुशार, पन आळशी." पुढच्या वर्षी मात्र सगळ्यांच्याच बांधावर चुली पेटल्या, आणि त्याचं श्रेय कुणी तिला दिलं नाही. गावात श्रेय द्यायची पद्धत नाही, नाव ठेवायची आहे.

एकच काम दोनदा करावं लागलं की प्रेरणाचं डोकं फिरतं. हा तिचा स्वभाव, आणि पुढं त्यावरच तिचं पोट चाललं. कामशेतच्या शाळेत ती पहिली-दुसरी यायची, तळेगावला इंजिनिअर झाली, हिंजवडीच्या कंपनीत चार वर्षं प्रोग्रॅम लिहून आली. तिथं एका खोलीत चार मुली, डब्यातली पिवळी पातळ आमटी, आणि खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची खिडकी. पगार चांगला होता. पण सुट्टी संपवून वडिवळ्याहून निघताना दर वेळी तिचा पाय घरातून निघायचा नाही, आणि चार वर्षांत त्याची सवयही झाली नाही. मग एक दिवस लोणावळ्यात नोकरी आहे असं कळलं. पगार थोडा कमी, पण कामशेत स्टेशनला स्कूटी लावली की लोकलनं लोणावळा, आणि संध्याकाळी आपल्या घरी आपल्या खाचरातला इंद्रायणीचा भात. तिनं राजीनामा दिला. गावानं विचारलं, "काडून टाकलं का?" ती म्हणाली, "व्हय, मीच काडून टाकलं त्यांना."

लोणावळ्याचं ऑफिस म्हणजे तुंगार्लीतल्या एका बंगल्याचा वरचा मजला. खाली मालक शरच्चंद्र लिमये आणि त्यांच्या पत्नी अरुंधतीकाकू राहतात, वर पाच टेबलं आणि एक गॅलरी. सर साठीला टेकलेले, पुण्यातली मोठी नोकरी सोडून आलेले, बोलायला मऊ आणि वागायला ताठ. कंपनी बनवते गुलाबाच्या पॉलिहाऊसला लागणारी एक पेटी. ही पेटी हवेतला ओलावा आणि ऊन मोजते, त्याप्रमाणं पडदे उघडते-मिटते आणि हवा कोरडी असली तर बारीक धुकं सोडणारे फॉगर चालू करते. पवन मावळात आणि तळेगावच्या आसपास गुलाब पिकवणारे पुष्कळ, त्यामुळं पेट्याही खपत होत्या. पेटीच्या आत चालणारा प्रोग्रॅम प्रेरणा आणि तिचे सहकारी लिहितात.

आणि कोपऱ्यात बसतात ते मास्तर. मास्तर हे एक मशीन आहे. लोणावळ्याच्या पावसाळ्यात भिंतींना घाम फुटतो, कपाटातल्या चपलांवर दाढी उगवते, म्हणून मास्तरांच्या शेजारी एक पिवळा बल्ब कायम पेटता ठेवलेला असतो. कुणीही प्रोग्रॅममध्ये काहीही बदल केला, अगदी एक ओळ बदलली, की तो आपोआप मास्तरांकडं जातो. मास्तर सगळा प्रोग्रॅम जोडून पाहतात, त्याची परीक्षा घेतात आणि पडद्यावर हिरवी किंवा लाल खूण करतात. हिरवी असेल तर पुढं, लाल असेल तर परत. जगभर आता असंच काम चालतं, आणि पद्धत उत्तम आहे. अडचण वेगळीच होती.

हल्ली कुणी आख्खा प्रोग्रॅम स्वतः लिहीत नाही. तारखा मोजणारं, संदेश पाठवणारं, ओलाव्याचे आकडे वाचणारं असं पुष्कळसं काम दुसऱ्या लोकांनी आधीच करून इंटरनेटवर ठेवलेलं असतं. ही तयार पॅकेजं आणायची आणि वर आपलं लिहायचं. पेटीच्या प्रोग्रॅमला अशी शेकडो पॅकेजं लागत. आणि मास्तर काय करत, तर प्रत्येक बदलाला सगळी पाटी पुसून, सगळी पॅकेजं इंटरनेटवरून नव्यानं आणत. सकाळी आणलेली दुपारी पुन्हा. एक ओळ बदलली तरी पहिले पाढे पंचावन्न. पाऊण तास जायचा, नि त्यात पाऊस असला, घाटात कुठं केबल तुटली, की मास्तर अर्ध्यातच गप्प बसत आणि लाल खूण करत. मग पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसातले पाचही जण गॅलरीत चहा पीत धुकं बघत. पर्यटक त्यासाठी पैसे मोजतात, पण ह्यांना त्या धुक्याचा वीट आला होता.

आषाढात सरांनी सगळ्यांना बसवून घेतलं.

"हे असं चालणार नाही," ते म्हणाले. "दिवसाला दोन-तीन बदल पुढं जातात. पुण्यातले लोक दहा-दहा करतात. इथलं इंटरनेट सुधारायचं नाही. दसऱ्यापासून आपण बाणेरला जातोय. जागा बघून ठेवली आहे."

तळेगावचा श्रीयश टाळी वाजवायचाच बाकी होता. तो ऑफिसातला सगळ्यात चलाख मुलगा, बोटं भराभर चालणारी आणि तोंड त्याहून भराभर. "प्रेरणाताई, आता तुम्ही पण जरा शहरात या," तो म्हणाला.

प्रेरणा हसली नाही. बाणेर म्हणजे वडिवळ्याहून रोज जाणं-येणं अशक्य. म्हणजे पुन्हा खोली, पुन्हा पिवळी आमटी, पुन्हा समोरची खिडकी. नाहीतर नोकरी सोडा, आणि अशी नोकरी मावळात दुसरी नव्हती. तिला इथंच राहायचं होतं, आणि कामही मोठं करायचं होतं. दोन्हींतलं एक निवडा असं कुणी म्हणालं की तिला रागच यायचा. तो आत्ताही आला.

"सर, इंटरनेट हळू आहे हे खरं," ती म्हणाली. "पण आपण तेच तेच सामान दिवसातून दहादा आणतो, हे जास्त खरं आहे. मला गणपतीपर्यंत वेळ द्या. एकदा आणलेलं मास्तरांजवळच ठेवू. मग बघा."

सरांचा चेहरा आंबट झाला. त्यालाही कारण होतं. पुण्याच्या नोकरीत असताना असंच साठवून ठेवलेलं एक जुनं पॅकेज चुकून गिऱ्हाइकाकडं गेलं होतं, आणि भर बैठकीत सरांना नको नको ते ऐकून घ्यावं लागलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून त्यांचा नियम, मास्तरांसमोर सगळं ताजं.

"साठवलेलं म्हणजे शिळं, प्रेरणा."

"सर, अरुंधतीकाकू कैरीचं लोणचं रोज घालतात का?"

बाकीचे खाली बघू लागले. सर मात्र हसले. "गणपतीपर्यंत," ते म्हणाले. "मग मात्र बाणेर."

घरी तिनं जेवताना सांगितलं. वडील भिमाजींनी ताटात कालवण वाढून घेतलं. आई मुक्ताबाईनं भाकरी थापता थापता मान वर केली नाही. "जा की मग," ती म्हणाली. "पोरी कुटं कुटं जात्यात. आमचं काय अडलंय हितं? तू शिकली ती काय चुलीपाशी बसायला?"

"तुला काय वाटत न्हाई?"

"काय वाटायचं त्यात? जा म्हन्ते ना." आणि तव्यावरची भाकरी उलटली. प्रेरणाला वाटलं होतं आई निदान दोन दिवस तरी हळहळेल. तिला थोडं वाईट वाटलं, आणि मग त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. आधी तिनं मास्तरांचा पाऊण तास कुठं जातो ते बघितलं. खरी परीक्षा घ्यायला मास्तरांना जेमतेम एक मिनिट पुरत होतं, बाकी सगळा वेळ आणण्यात. मग तिनं मास्तरांना कोठी करून दिली. त्या धंद्यात ह्याला कॅशिंग म्हणतात, नावावर जाऊ नका, पैशाशी त्याचा संबंध नाही. एकदा आणलेली पॅकेजं कोठीत ठेवायची, पुढच्या बदलाला तिथूनच काढायची, इंटरनेटच्या दारात जायचंच नाही. हे लिहायला फार दिवस लागत नाहीत. विचार करायचा असतो तो एकाच गोष्टीचा, कोठीतला माल चालतोय की बदलायला झालाय, हे मास्तरांनी ओळखायचं कसं.

आणि इथं प्रेरणानं चूक केली. असली चूक पुण्यातल्या मुलीच्या हातून झाली नसती, कारण तिला ती सुचलीच नसती. प्रेरणाच्या घरात आठवडे बाजाराशिवाय पान हलत नाही. मीठ, मिरची, तेल, चहापत्ती, सगळं बाजाराच्या दिवशी यायचं आणि पुढच्या बाजारापर्यंत पुरवायचं. मध्येच काही संपलं तर "बाजार झाला की बगू." पिढ्यान्‌पिढ्या घरं अशी चालली, कुणी उपाशी राहिलं नाही. तेव्हा तिनं कोठीलाही बाजारचा दिवस लावून दिला. त्या दिवशी सकाळी मास्तरांनी कोठी रिकामी करायची, सगळं ताजं आणायचं, आणि आठवडाभर त्यातूनच काम चालवायचं. सरांना ताजं हवं होतं, ताजंही मिळत होतं. तिला त्यात कुठंच खोट दिसली नाही.

चालू केलं त्या सकाळी श्रीयशनं सवयीनं एक बदल मास्तरांकडं टाकला आणि चहाला उठला. गॅलरीच्या दारात पोचेपर्यंत मागून कुणीतरी ओरडलं, "हिरवं झालं!" तो परत आला, पडद्याकडं बघितलं, प्रेरणाकडं बघितलं आणि म्हणाला, "ताई, आता आम्ही चहा कधी प्यायचा?" त्या दिवशी बदलांची रांग लागली, आणि अरुंधतीकाकूंनी वर पाठवलेले पोहे टेबलावर गार झाले. सर दोनदा वर येऊन पडदा बघून गेले. जिना उतरताना शीळ घालत होते. प्रेरणा लोकलमध्ये बसली तेव्हा तिला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

कुठलं न्हालं! बाजार उलटून दोन दिवस झाले असतील, श्रीयशनं ओलावा वाचणाऱ्या पॅकेजची नवी आवृत्ती आली म्हणून ती यादीत टाकली. कुठलं पॅकेज, कुठली आवृत्ती हे सगळं प्रोग्रॅमबरोबरच्या एका यादीत लिहिलेलं असतं. यादी बदलली, पण मास्तरांना यादीशी देणंघेणं नव्हतं. त्यांना बाजारचा वार ठाऊक. आज बाजार नाही, म्हणून त्यांनी कोठीतलं जुनंच पॅकेज काढलं, त्यावर परीक्षा घेतली आणि हिरवी खूण केली. शेतकऱ्यांच्या पेट्यांत जाणारा पक्का प्रोग्रॅम मात्र दुसऱ्या सर्व्हरवर बनायचा, तिथं कोठी नव्हती. तिथं नवं पॅकेज आलं. म्हणजे परीक्षेला बसला एक आणि नोकरीवर गेला दुसराच.

नव्या पॅकेजनं ओलावा सांगायची रीत बदललेली होती. पूर्वी ते नव्वद म्हणायचं, आता शून्य पूर्णांक नऊ म्हणू लागलं. अर्थ तोच, पण पेटीला वाटलं हवेत ओलावा एक टक्कासुद्धा नाही. श्रावणातल्या मावळात, जिथं काडेपेटीची काडी पेटत नाही, तिथं पेटीनं हवा ठणठणीत कोरडी ठरवली आणि फॉगर सोडले.

पहिला फोन आला तो पवनानगरच्या अनिता येवल्यांचा. त्यांचं पॉलिहाऊस त्या भागात नावाजलेलं, आणि तोंडही. पहिली पेटी त्यांनीच घेतली होती.

"कोन बोलतंय? प्रेरना? अगं, बाहेर पानी, आत पानी, तुमच्या पेटीला काय तहान लागली का काय? पार कळ्या भिजल्या माज्या. मी मेन स्विच बंद केला म्हनून वाचलं तेवडं वाचलं."

श्रीयशनं लगेच पेट्यांना जुना प्रोग्रॅम परत पाठवला. आणखी चौघांचे फोन आले, पण त्यांचं नुकसान झालं नव्हतं. सर वर आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त मास्तरांच्या बल्बकडं बघत म्हणाले, "मी म्हणत होतो," आणि खाली गेले. बाणेरच्या जागामालकाशी बोलतानाचा त्यांचा आवाज जिन्यातून वर येत होता.

श्रीयशचा चेहरा उतरला होता. "ताई, यादी मी बदलली. माझंच चुकलं."

"यादी बदलायचीच असते," प्रेरणा म्हणाली. "कोठीला दिवस मी लावून दिला. तू नाही."

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेलीच नाही, स्कूटीवरून थेट पवनानगरला गेली. अनिताताई पॉलिहाऊसच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी तिला आत नेलं आणि एक फूल हातात दिलं. पाकळ्यांवर बुरशीचे तपकिरी ठिपके पडले होते. ओळीच्या ओळी तशाच होत्या. दोन बायका ती फुलं कापून पाटीत टाकत होत्या. प्रेरणाला ते बघवेना. पडद्यावरची लाल खूण तिनं हजारदा बघितली होती, तिचं असं ओलं, कुजकं रूप कधी बघितलं नव्हतं.

"ताई, चूक माझी हाय," ती म्हणाली. "सॉरी म्हनायला आले."

"सॉरी नको मला. सॉरी काय बुरशीला मारायचं औषद हाय?" अनिताताई म्हणाल्या. "परत व्हनार न्हाई, एवडं सांग. सांगता येत असंल तर सांग, नसंल तर पेटी काडून घिऊन जा. मी आपली हातानं पडदे वडीन."

प्रेरणानं ठिपक्यांच्या फुलाकडं बघितलं. "परत व्हनार न्हाई," ती म्हणाली.

हे बोलताना तिच्याकडं उपाय तयार नव्हता. पण तिला खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही, कारण चूक कुठं आहे हे आता तिला स्वच्छ दिसत होतं. तिनं कोठीला वाराशी बांधलं होतं. बांधायला हवं होतं यादीशी. घरात सामान वारानं येतं, कारण बाजार त्या वारी भरतो. इंटरनेटचा बाजार उठतच नाही, आणि इथं गरज बदलते ती यादी बदलली की. परत येताना पवनेच्या काठाकाठानं पाऊस सपासप लागत होता आणि ती रेनकोटच्या आत स्वतःशी मोठमोठ्यानं बोलत होती. वाटेत एका टपरीवाल्यानं वळून बघितलं.

मग तिनं सगळं नव्यानं बांधलं. यादी कितीही मोठी असो, तिच्यावरून संगणक एक ठसा काढू शकतो, अक्षरांची एक छोटी ओळ. यादीतला एक आकडा इकडचा तिकडं झाला तर ठसा साफ बदलतो. कोठीच्या दारावर तिनं तो ठसा लावला. बदल आला की मास्तरांनी आधी यादीचा ठसा काढायचा, दारावरच्याशी ताडून बघायचा. तोच असेल तर आतलं सामान वापरा, कितीही दिवसांचं असो. जुळला नाही तर त्या कोठीला हात लावायचा नाही, नवं सामान आणून नवी कोठी भरायची. आणि शेतकऱ्यांना जाणारा पक्का प्रोग्रॅमही त्याच ठशाच्या, त्याच कोठीतून. परीक्षेला बसेल तोच नोकरीवर जाईल. त्या जोडीला पॅकेजचे आकडे उलटसुलट आले तर ओळखणारी एक नवी परीक्षाही मास्तरांना शिकवली, ती श्रीयशनं लिहिली, आणि मनापासून लिहिली.

गणपती अगदी तोंडावर आले तेव्हा ती खाली सरांकडं गेली. अरुंधतीकाकू मखराला रंगीत कागद चिकटवत होत्या.

"सर, वर येता का? बघायला."

"बघितलंय मी एकदा," सर म्हणाले.

"अहो, जा की," काकू म्हणाल्या. "मुलगी बोलवायला आली आहे."

सर वर आले. बाकी सगळे आपापल्या खुर्च्या सोडून उभे राहिले. सरांनी तिचं काही ऐकून घेतलं नाही. ते सरळ कोपऱ्यात गेले, वाकले आणि भिंतीतून इंटरनेटची वायर उपटून काढली.

"आता चालव," ते म्हणाले.

प्रेरणानं एक ओळ बदलली आणि मास्तरांकडं टाकली. मास्तरांनी ठसा काढला, दारावरच्याशी जुळला, कोठी उघडली. थोड्याच वेळात हिरवी खूण आली. वायर सरांच्या हातात तशीच लोंबत होती. श्रीयश हळूच म्हणाला, "बाणेरला पण एवढं लवकर होत नाही, सर." त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

"हे मला माहीत होतं," सर म्हणाले. "वेगाबद्दल मला शंका नव्हतीच. बाजूला हो तू." त्यांनी खुर्ची ओढली आणि यादी उघडली. चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग मधलंच कुठलं तरी एक पॅकेज शोधून त्याच्या आवृत्तीचा शेवटचा आकडा एकानं वाढवला. कुठलं ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. वायर अजून बाहेरच होती. त्यांनी तो बदल मास्तरांकडं टाकला आणि हाताची घडी घालून बसले.

प्रेरणा पडद्याजवळ सरकली. मास्तरांनी ठसा काढला. जुळला नाही. नवं सामान आणायला इंटरनेट नाही, जुनं सामान तर बाजूलाच भरून ठेवलेलं आहे. मागच्या वेळेसारखं मास्तरांनी ते उचललं असतं, तर पडदा छान हिरवा झाला असता आणि दसऱ्याला टेम्पो बाणेरला निघाला असता.

मास्तर थांबले. मग पडद्यावर लाल खूण आली, आणि तिच्याखाली एक ओळ, ह्या यादीचं सामान माझ्याकडं नाही.

"लाल!" श्रीयश ओरडला आणि त्यानं खरोखरच टाळी वाजवली. त्या ऑफिसात लाल खुणेला टाळी पडायची ती पहिलीच वेळ असावी. सर पडद्याकडं वाकले. पुण्यात त्या जुन्या बैठकीआधी असं एक लाल कुणी दाखवलं असतं, तर त्यांच्यात निम्मा ताठपणा आलाच नसता असं मला वाटतं.

"नाही म्हणाला," ते शेवटी म्हणाले. "जवळ असून नाही म्हणाला."

"हो सर."

त्यांनी वायर परत भिंतीत खोचली, आकडा होता तसा केला, आणि खिशातून फोन काढला. सगळ्यांसमोरच बोलले. "नमस्कार, लिमये बोलतोय. तुमच्या जागेबद्दल. आम्ही येत नाही हो. नाही, दुसरी जागा नाही बघितली. आहे ती बरी आहे." मग फोन ठेवून प्रेरणाकडं वळले. "अनिताताईंना मी स्वतः फोन करतो. त्यांच्या पुढच्या हंगामाची सगळी जबाबदारी आपली. आणि ह्यापुढं मास्तरांकडं कोण काय टाकतं, कोठी कशी ठेवायची, हे सगळं तू बघायचं. माझ्या परवानगीला थांबू नकोस."

प्रेरणा गॅलरीत आली. धुकं उतरलं होतं, समोरचं सिल्व्हर ओकचं झाडही दिसत नव्हतं. तिनं आईला फोन लावला.

"आये, मी जात न्हाई बानेरला. हितंच राह्यलं ऑफिस."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. मुक्ताबाईला रडताना प्रेरणानं आजीच्या दहाव्यानंतर बघितलं नव्हतं.

"आये? काय झालं?"

"काय व्हायचंय. बरं झालं गं. लय बरं झालं." मुक्ताबाईला धड बोलता येत नव्हतं. "रोज त्वांडानं म्हनत व्हते जा, जा. जीव म्हनत व्हता, नको जाऊ."

"मग बोलायचं न्हाई का तसं?"

"बोलले असते तर तू माज्यासाटी राह्यली असतीस," आई म्हणाली. "तसं नको व्हतं मला."

प्रेरणा फोन कानाला लावून तशीच उभी राहिली, आणि आईही पलीकडं ठेवायचं नाव घेईना.